भांगाच्या पाण्यातली मुशी

ज्या गावाविषयी लिहीत आहे त्याचे नाव मी येथे देणार नाही. माझ्या जुन्या विद्यार्थिनींना याचे नवल वाटेल, कारण स्थान, सीमा आणि दिशा दिल्यावाचून केलेल्या वर्णनाला मी कधी पुरे गुण दिले नाहीत. वाचकांनी तूर्त एवढ्यावर समाधान मानावे: रायगड जिल्ह्याचा दक्षिण किनारा, श्रीवर्धन आणि हरिहरेश्वर यांच्या आसपास डोंगर समुद्रात उतरतो तेथली एक लहान कोळीवस्ती. नाव का देत नाही, ते पुढे कळेल.

मी सोलापूरची. नोकरीभर शाळेत भूगोल आणि विज्ञान शिकवले. निवृत्तीनंतर रोज सकाळी पोहण्याच्या तलावावर जाते. शार्क मी फळ्यावर असंख्य वेळा काढला आहे: कल्ल्यांच्या उभ्या फटी, पाठीवरचा त्रिकोणी पर, अंगात हाडाऐवजी कूर्चा. पण जिवंत शार्क कधी पाहिला नव्हता. माझी धाकटी बहीण नलिनी पुण्यात असते. ती गाडी उत्तम चालवते आणि माझ्या दुप्पट बोलते. कोकणात आता डोळ्यांना काच आणि तोंडाला नळी लावून पाण्याखालचे जग दाखवतात, अशी एक जाहिरात तिने मला मोबाइलवर पाठवली. चित्रात रंगीबेरंगी प्रवाळ आणि पिवळे मासे होते. ते चित्र रायगडचे नाही, हे मला पाहताक्षणी समजले होते. तरीही मी हो म्हटले.

माणगाव ओलांडल्यावर

ताम्हिणी घाट उतरून माणगावला आलो तेव्हा बाजार भरात होता. चहाच्या गाडीवरच्या माणसाने गाडीचा नंबर पाहून विचारले, "हरिहरेश्वर का?"

"नाही, बुडायला चाललोय," नलिनी म्हणाली.

"मंग साखर जास्त घालतो," तो म्हणाला आणि खरोखरच घातली.

पुढचा रस्ता आम्हां पठारावरच्या माणसांना परका वाटतो. या दिवसांत आमच्याकडे ज्वारी उभी असते आणि नजर क्षितिजापर्यंत विनाअडथळा जाते. येथे प्रत्येक वळण पुढचे वळण झाकून ठेवते. श्रीवर्धनच्या सुपारीच्या बागांत भर दुपारी सांज झाल्यासारखे वाटले. आकाशात ढग नव्हते, पण उन्हात तेजही नव्हते. समुद्रावर करड्या धुरक्याचा पडदा होता आणि आम्ही होतो तितके दिवस तो हलला नाही.

वस्तीतली घरे समुद्राकडे पाठ करून बसलेली दिसली. मला ते चमत्कारिक वाटले. पर्यटक ज्या दृश्यासाठी एवढ्या लांबून येतात, त्याकडे येथल्या एकाही घराची खिडकी नव्हती. आमच्या यजमानीणबाईंना पहिला प्रश्न मी हाच विचारला.

"दिसभर त्याचंच तोंड बघायचं," त्या म्हणाल्या, "घरात तरी नको."

हिराबाईंचे अंगण

त्यांचे नाव हिराबाई. नवरा नाही. सकाळी श्रीवर्धनच्या बाजारात मासळी विकतात आणि घराच्या दोन खोल्या पाहुण्यांना देतात. मुलगा रूपेश लहान होडीने मासेमारी करतो. थंडीत पर्यटक आले की त्यांना समुद्रात फिरवून आणतो. मुलगी प्राची पहिल्या बाळंतपणासाठी माहेरी आली होती.

मी मासे खात नाही हे कळल्यावर हिराबाईंनी माझ्याकडे वरपासून खालपर्यंत पाहिले. "मासं खात न्हाय, आणि समिंदरात उतरताय कशापायी? नातेवाईक हायेत तिथं?"

नलिनीला ठसका लागला. ती मासे खाते, आणि तिने बांगड्याला जो न्याय दिला त्यावरून हिराबाईंची सगळी माया तिच्याकडे गेली. माझ्यासाठी त्यांनी वालाचे बिरडे आणि तांदळाची भाकरी केली. वाल कडू असतात हा माझा समज त्या एका जेवणाने दूर झाला. मोड आलेला वाल सोलावा लागतो आणि त्या सोलण्यात अर्धी दुपार जाते, हे मी विचारून घेतले.

जेवण चालू असताना आतल्या खोलीतून बाळ रडले. रडणे म्हणावे इतका तो आवाज मोठा नव्हता. मांजरीचे पिल्लू टोपलीखाली सापडावे तसा तो आला आणि कोणी उचलण्याआधीच आपोआप थांबला. हिराबाईंचा हात वाढता वाढता वाटीवर थबकला.

"पोरगी लवकर झाली," त्या म्हणाल्या. "बारसंबी ठेवलंय पुढं ढकलून. अंगावर जरा मांस चढलं की करू."

त्यांनी मला आत नेले. खोलीत ओवा आणि शेपा यांची धुरी कोंडली होती. प्राची कानाला फडके बांधून भिंतीशी बसली होती. तिने पदराखाली बाळाला घेतले. बाळाने दोनचार वेळा ओठ हलवले आणि तोंड तसेच ठेवून ते झोपले. प्राचीने त्याच्या तळपायाला टिचकी मारली, तरी ते जागे झाले नाही. तिने माझ्याकडे पाहिले नाही.

"दूध उतरत न्हाय तिला," हिराबाई म्हणाल्या. "वरचं दूध पाजलं तर पोरीला हगवण लागली. आशाताई म्हनते, वजन वाढलं न्हाय तर दवाखान्यात न्या. दोन दिस बघू. मुशी मिळाली ना, सगळं ठीक होईल."

मुशी म्हणजे लहान जातीचा शार्क. तळकोकणात त्यालाच मोरी म्हणतात. बाळंतिणीला मुशीचे कालवण दिले की दूध उतरते, अशी या किनाऱ्यावरची पिढ्यान्‌पिढ्यांची समजूत आहे. आमच्याकडे हेच काम हळिवाची खीर, डिंकाचे लाडू आणि शेपूची भाजी करतात, असे मी सांगितले.

"त्ये सगळं दिलं. मुशी तेवढी मिळंना." हिराबाई बोटे मोडत सांगू लागल्या. मोठ्या बोटी लांबवर जाऊन सगळी मासळी गाळून आणतात, धक्क्यावर आलेला माल बर्फात घालून तसाच ट्रकमध्ये चढतो, आणि रूपेशच्या जाळ्यात या हंगामात एकही आली नाही. "माझ्या येळी मुशी कुत्रं खात न्हवतं, एवढी यायची. आता लेकीच्या येळी न्हाय."

कोणताही मासा आईच्या अंगी दूध निर्माण करीत नाही, हे मला ठाऊक होते. मी ते शक्य तितक्या सौम्यपणे सांगितले. पोटभर जेवण, पाणी, विश्रांती आणि बाळाला वरचेवर छातीशी घेणे, एवढेच त्याला लागते, असे म्हटले.

हिराबाईंनी ते शांतपणे ऐकून घेतले. मग विचारले, "तुमची किती?"

"मला मूल नाही."

बाहेर आल्यावर त्यांनी माझ्या वाटीत आणखी बिरडे वाढले, आणि माझे व्याख्यान तेथेच संपले.

पाण्याखाली

अमावास्या आणि पौर्णिमा यांच्या सुमारास समुद्राला उधाण येते. भरती खूप चढते आणि ओहोटी खूप उतरते. अष्टमीच्या आसपास हा फरक कमी होतो, त्याला भांग म्हणतात. भांगात प्रवाह मंद असतो, म्हणून खाड्यांनी आणलेला गाळ तळाशी बसतो आणि पाणी थोडे निवळते. रूपेश पाहुण्यांना पाण्याखाली नेतो ते याच दिवसांत. एरवी या समुद्रात स्वतःचा हातसुद्धा दिसत नाही.

सकाळी होडी निघाली. नलिनीला पोहता येत नाही. ती छत्री उघडून होडीत बसली. "मी वरून लक्ष ठेवते," ती म्हणाली. "तुला काही झालं तर फोटो कोणीतरी काढायला नको?"

डोंगराच्या आडोशाला, वारा लागत नाही अशा जागी, एक लांबट खडक पाण्याखाली आहे. तेथे रूपेशने नांगर टाकला आणि काचेचा मुखवटा माझ्या हातात दिला. "बाई, आत थुंका."

"काय?"

"थुंका आणि चोळा. न्हायतर वाफ धरते."

मी आयुष्यात शेकडो मुलींना थुंकण्याबद्दल शिक्षा केली आहे. नलिनीला हे आठवल्याचे तिच्या चेहऱ्यावर स्पष्ट दिसत होते. मी पाठ वळवली आणि सांगितले तसे केले. तरी पहिल्या डुबकीत नळीतून खारे पाणी घशात गेले. दुसऱ्या डुबकीत मुखवटा कपाळावर सरकला. तिसऱ्यांदा कुठे श्वास स्थिर झाला.

जाहिरातीतले प्रवाळ अर्थातच नव्हते. पाणी कोऱ्या चहासारखे होते. खडकावर काळपट शेवाळ, कालवांचे धारदार शिंपले आणि कधीकाळी अडकून तुटलेल्या जाळ्याचा एक निळा गुंता होता. त्या गुंत्यात खेकड्याचे रिकामे कवच होते. वरून येणारा उजेड तळापर्यंत पोचत नव्हता. ही जागा पाहून आनंद होत नाही, काहीसे उदास वाटते, असे मनात येत होते. आणि तेवढ्यात समोरचा गढूळपणा हलला.

प्रथम लहान दिसली. हाताच्या कोपरापासून बोटांपर्यंत भरेल एवढ्या लांबीची चारपाच पिल्ले खडकाच्या कडेने निघाली होती. रंग राखाडी, पोट पांढरे, नाक टोकदार. ती पाण्यात पोहत आहेत असे न वाटता, पाणीच त्यांच्याभोवतीने वाहत आहे असे वाटत होते. त्यांच्यामागून एक मोठी आली. माझ्या पसरलेल्या हातांच्या आत मावेल एवढी होती, आणि पोटाशी चांगली रुंद होती. तिचा गोल डोळा माझ्या काचेसमोरून गेला. कल्ल्यांच्या फटी उघडत आणि मिटत होत्या. एवढ्या आकाराचा हा मासा माणसाला काही करीत नाही हे मी मुलींना दरवर्षी सांगत असे. त्या क्षणी माझ्या पायांपर्यंत ते ज्ञान पोचले नाही. ते आखडून पोटाशी आले. मुशीने माझी काहीही दखल घेतली नाही. शेपटीच्या एका फटकाऱ्यासरशी ती गढूळ पाण्यात शिरली आणि पिल्ले दुसऱ्या बाजूने गेली.

येथे एक गोष्ट सांगितली पाहिजे. शार्क माता पिल्लांना सांभाळत नाही. पिल्ले कोठे जन्माला घालायची, एवढेच ती ठरवते: उथळ, आडोशाची, मोठे मासे फारसे न फिरकणारी जागा. ही जागा शोधणे हेच तिचे सगळे आईपण. तो खडक अशी जागा होता.

मी वर आले आणि नळी काढून ओरडले, "शार्क! रूपेश, शार्क!"

रूपेश होडीच्या कडेवर इतका वाकला की नलिनीची छत्री पाण्यात पडली. "मुशी? खरंच? किती?"

मी सगळे क्रमाने सांगितले. त्याचा चेहरा आधी उजळला. "बाई, पाटी लावू का? 'इथं मुशी बघायला मिळेल.' मालवणला लोक कशाकशावर कमावतात!" मग तो खडकाकडे बघत राहिला आणि त्याचा आवाज उतरला. "पिल्लं हायेत म्हणालात न्हवं?"

"चारपाच होती."

"आयेला आत्ताच सांगू नका. मी बघतो काय त्ये."

अंगणातला नकाशा

मी सांगितले नाही, नलिनीने सांगितले. यात तिचा दोष नाही, कारण रूपेशचे शेवटचे बोलणे छत्री काढण्याच्या गडबडीत तिच्या कानावर पडले नव्हते. अंगणात पाय ठेवताच ती म्हणाली, "हिराबाई, आज ताईला तिचे नातेवाईक भेटले! चांगला जिवंत शार्क!"

हिराबाई टोपली धूत होत्या. त्यांनी ती उलटी ठेवली. "कुठं?"

"होतं खडकाकडं," रूपेश म्हणाला. "मी न्हाय बघितलं. मी पाणी उपसत होतो."

"तुला कोण विचारतं? बाईंना विचारते मी." त्या चुलीपाशी गेल्या आणि विझलेला कोळसा घेऊन आल्या. "बाई, तुमी शाळेत शिकवता. नीट काढून दाखवा."

मी रूपेशकडे पाहिले. तो अंगठ्याने जमीन उकरत होता. "आये, पिल्लांची जागा हाय ती," तो म्हणाला. "एकदा जाळं पडलं की झालं. राहू दे ना. चार पाहुणे येतील बघायला."

"पाहुणे!" हिराबाई म्हणाल्या. "आत भाची हाय तुझी, ती दिसत न्हाय का? तिला बघायला कोण येणार हाय, त्ये सांग!"

कोळसा माझ्या हातात होता. मुशीने दूध येत नाही, हे मला माहीत होते. ज्या घरात मी कालच हे सांगून गप्प बसले होते, त्या घरात पुन्हा ते सांगण्याचा मला अधिकार आहे की नाही हे मात्र कळत नव्हते. नाही म्हटले आणि बाळाचे काही बरेवाईट झाले, तर? एक मुशी गेल्याने समुद्र रिकामा होत नाही, असेही मनाला सांगून पाहिले. तेवढ्यात आतून तो आवाज आला आणि थांबला.

मी वाकले आणि सारवलेल्या अंगणात नकाशा काढला. आधी उत्तर दिशा दाखवली. मग किनाऱ्याची रेषा, डोंगराचे नाक, ओहोटीची मर्यादा, खडक, आणि मुशी ज्या बाजूने आली आणि गेली ते बाण. नकाशा चांगला झाला. सवयीचा हात होता.

"आता कसं समजलं," हिराबाई म्हणाल्या.

सकाळची ओहोटी

रूपेशने जाळे संध्याकाळी टाकले आणि सकाळच्या ओहोटीला काढले. मोठी मुशी सापडली होती. पिल्ले जाळ्याच्या मोठ्या डोळ्यांतून निसटली असावीत. निदान होडीत ती नव्हती. अंगणातल्या दगडावर ठेवली तेव्हा मुशी मेलेली होती. पाण्यातला तो राखाडी रंग उन्हात मळक्या चिंधीसारखा दिसत होता.

हिराबाईंनी विळी मांडली. मासळी कापणाऱ्या बाईच्या हातात जी सहजता असते ती पाहण्यासारखी असते, आणि मी शिकवण्याच्या सवयीने जवळ जाऊन उभी राहिले. पोट उघडले. आत पिल्ले होती. पूर्ण वाढलेली नव्हती. डोळे मात्र मोठे आणि उघडे होते. प्रत्येकाच्या पोटाशी एक बारीक, पांढरट दोरी होती आणि ती आईच्या अंगात गेली होती.

शार्कांच्या काही जातींत पिल्ले आईच्या पोटात नाळेने जोडलेली असतात, माणसासारखी. हे वाक्य मी पाठ करून घेतलेले आहे. त्यावर प्रश्नही काढलेला आहे.

"पोटुशी हाय," हिराबाई म्हणाल्या. "उलट चांगलं. जास्त लागू पडंल."

दारात प्राची उभी होती. बाळ तिच्या खांद्यावर होते. ती किती वेळ पाहत होती कोणास ठाऊक. "आये," ती म्हणाली, "हिची पोरं मारून माझी जगवायची का?"

"हिची हिच्यापाशी," हिराबाई विळीवरून मान वर न करता म्हणाल्या. "गेली तिच्यासंगं. तुझी तुझ्यापाशी हाय अजून. आत जा, वारं लागंल."

रूपेशने ओंजळीत पिल्ले उचलली आणि तो पाण्याकडे गेला. मीही मागोमाग गेले. गुडघाभर पाण्यात उभे राहून त्याने ओंजळ उघडली. ती जगण्याइतकी वाढलीच नव्हती. पांढरे पोट वर करून ती थोडा वेळ तरंगली आणि ओहोटीबरोबर सरकत गेली. कावळे आले तेव्हा आम्ही मागे फिरलो.

दुपारी कालवण झाले: ओले खोबरे, भरपूर लसूण, तिखट बेताचे. मसाल्याचा वास घरभर पसरला. प्राची ताटावर बसली. तिने पहिला घास घेतला आणि तिच्या डोळ्यांतून पाणी आले. ते तिने पुसले नाही. ती एकेक घास घेत गेली, हिराबाई वाढत गेल्या, आणि ताट संपले. नलिनीला हिराबाईंनी आग्रह केला. मासे खाणारी माझी बहीण म्हणाली, "नको, आज माझा उपवास आहे." कोणता, ते कोणी विचारले नाही.

दवाखाना

दुसऱ्या सकाळी बाळ जागेच होईना. प्राचीने पायाला टिचक्या मारल्या, गाल चोळले. ते डोळे किलकिले करी आणि पुन्हा मिटून घेई. आता दोन दिवस बघण्याचा प्रश्न उरला नव्हता. नलिनीने गाडी दारात लावली. मागच्या आसनावर प्राची, बाळ आणि हिराबाई. सबंध रस्ता हिराबाई बाळाच्या नाकापुढे बोट धरून बसल्या होत्या.

तालुक्याच्या सरकारी दवाखान्यात एका तरुण नर्सने बाळाला घेतले, वजन केले, डॉक्टरांना बोलावले. त्यांनी बाळाला उबेत ठेवायला सांगितले. नर्सने प्राचीला पडद्याआड नेले. आम्ही बाकावर बसलो. थोड्याच वेळात पडदा बाजूला करून ती बाहेर आली. तिच्या हातात स्टीलची वाटी होती.

"दूध नाही असं कोण म्हणालं?"

वाटी जवळजवळ भरलेली होती.

"छाती दगडासारखी झालीये हिची," नर्स म्हणाली. "आठवडाभर तरी साचत असणार. लवकर झालेलं बाळ आहे, त्याला ओढायची ताकद नाही. पिळून काढायचं आणि वाटी-चमच्यानं पाजायचं. ताकद आली की घेईल अंगावर. अगं, दुखत नव्हतं तुला?"

"दुखत होतं," प्राची आतून म्हणाली. "मला वाटलं, दुखतंच."

चमच्याच्या टोकाने दूध बाळाच्या ओठांना लागले. पहिले ओघळले. दुसरे गिळले गेले. घशाची ती लहानशी हालचाल आम्ही सगळ्यांनी पाहिली. नलिनीने माझा हात एवढा घट्ट धरला की बांगडी रुतली.

हिराबाई भिंतीला टेकून खाली बसल्या आणि रडू लागल्या. मग पदराने तोंड पुसून त्या म्हणाल्या, "बघितलं? काल खाल्ली, आज उतरलं."

"आजी, हे एका दिवसाचं दूध नाही," नर्स म्हणाली. "मी काय सांगतेय?"

"व्हय, व्हय," हिराबाई तिच्या हनुवटीला हात लावून म्हणाल्या. "तुझ्या हाताला यश हाय."

मी त्यांच्याजवळ जाऊन बसले. शाळेत चुकीचे उत्तर मी कधी तसेच राहू दिले नाही. "हिराबाई," मी म्हटले, "दूध आधीपासून होतं. मुशीमुळे आलं नाही. ती धरली नसती, तरी आज हेच झालं असतं."

त्यांनी माझ्याकडे पाहिले. त्या नजरेत राग नव्हता. "तुमी दाखवली म्हणून तर मिळाली, बाई. उपकार हायेत तुमचे. कशाला न्हाय म्हणता?"

पाठोपाठ त्यांनी कमरेच्या पिशवीतून फोन काढला. शेजारणीची सून पोटुशी होती, हे मला तोवर ठाऊक नव्हते. "उतरलं गो, दूध उतरलं!" हिराबाई मोठ्याने सांगत होत्या. "मुशी गो! डोंगराच्या नाकाला, खडकाच्या आतल्या अंगाला. व्हय, पिल्लंबी हायेत अजून. तुझ्या सुनेसाठी आतापासून बघून ठेव."

डॉक्टरांनी प्राचीला आणि बाळाला काही दिवस ठेवून घेतले. हिराबाई तेथेच राहिल्या. नर्सचे म्हणणे मी फोनवर रूपेशला कळवले. आम्ही सामान घ्यायला वस्तीत परतलो. घाटाच्या वळणावरून खालचा समुद्र दिसतो. धुरक्यातून खडकाची जागा ओळखू येत होती, कारण तिच्याभोवती तीन होड्या होत्या. नलिनीने गाडीचा वेग कमी केला. मी पुढे बघत राहिले, तेव्हा तिने पुन्हा वाढवला.

रूपेश अंगणात होता. त्याने आमच्या पिशव्या उचलून गाडीत ठेवल्या.

"तुम्ही त्या होडीवाल्यांना सांगितलं का," मी विचारले, "नर्स काय म्हणाली ते?"

"सांगितलं. म्हणाले, पोर जगली ना? मंग?" त्याने डिकी बंद केली. "माझीच भाची हाय, बाई. मी कुठल्या तोंडानं अडवू?"

यानंतर पुष्कळ दिवसांनी, मी सोलापूरला असताना, हिराबाईंचा फोन आला. बाळ आता अंगावर पिते, बारसे झाले, नाव आर्या ठेवले, मांडीला वळ्या पडल्या आहेत. आम्ही आलो नाही म्हणून त्यांनी मनसोक्त रागावून घेतले. नलिनीसाठी सुकट पाठवायची आहे, पत्ता काय, असे विचारले.

"आणि कवा येताय? रूपेश आठवण काढतो. पण बाई, पाण्यात उतरायचा हट्ट नका करू हां. तिथं आता बघायला काय न्हाय राहिलं."

मागून बाळाचे रडणे ऐकू येत होते. चांगले खणखणीत होते ते, आणि कोणी उचलून घेईपर्यंत थांबणारे नव्हते.

"बाळाला बघायला येईन," मी म्हणाले.